डॉ. रखमाबाईंची खटल्यानंतरची ३५ वर्षे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डॉ. रखमाबाईंची जयंती दरवर्षी २२ नोव्हेंबरला येते. त्या दिवशी वृत्तपत्रांतून, महाविद्यालयांच्या फलकांवरून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते. लहानपणी लावून दिलेले लग्न न मानणारी, नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन असे सांगणारी तरुणी एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. त्या खटल्याचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. परंतु खटला मिटला तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतर त्या आणखी ६७ वर्षे जगल्या. त्यांतील सुमारे ३५ वर्षे त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांची प्रमुख म्हणून काढली. ज्या कामासाठी त्यांनी एवढे सोसले, त्या कामाविषयी आपण जवळजवळ काहीच बोलत नाही, ही गोष्ट मला फार खटकते, आणि ती नाशिककर वाचकांसमोर मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः शासकीय सेवेत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची डॉक्टर होते. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत आणि पुढे नाशिक शहरात काम करून निवृत्त झाले. त्यामुळे रखमाबाईंच्या चरित्राकडे माझे लक्ष प्रथम गेले ते एक डॉक्टर म्हणून, आणि पुढे जे लिहिते आहे तेही त्याच नजरेने लिहिते आहे.

त्यांच्या आयुष्यात वैद्यक अगदी घरातूनच आले. त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी बाळंत झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता होती, म्हणून काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. हे सखाराम अर्जुन साधे गृहस्थ नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, औषधी वनस्पतींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत जे दोन भारतीय होते, त्यांतले ते एक. अशा माणसाच्या घरात वाढलेल्या मुलीला शरीर, आजार आणि उपचार यांच्याविषयी कुतूहल वाटले नसते तरच नवल. पण त्याच घरात रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले आणि शाळा सुटली. सुधारलेल्या, डॉक्टरच्या घरातही हे घडले, ही गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. शिक्षणाने घर आपोआप बदलते असे समजणाऱ्यांनी तर ती दोनदा वाचावी.

शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच शिकत राहिल्या, आणि आर्य महिला समाजाच्या कामातही त्यांनी भाग घेतला. १८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. डोक्यावरचे छत्र असे हरपले असताना जून १८८५ मध्ये रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या संपादकांना ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्र लिहिले आणि सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे पत्र लिहिले. पहिल्या पत्रातील त्यांची मुख्य तक्रार माझ्या मते फारशी कोणी नीट वाचलेली नाही. नवरा आवडत नाही हे त्या पत्राचे गाऱ्हाणे नव्हतेच. जगात मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट म्हणजे अभ्यास आणि मनाची मशागत, आणि या दुष्ट चालीने मला तिच्यापासून तोडले, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे डॉक्टरकीची वाट त्यांनी खटल्यानंतर, दुसरे काही उरले नाही म्हणून धरली, असे म्हणता येत नाही. शिकण्याची ओढ आधीची होती, आणि नकार तिच्यापोटी आला होता.

खटल्याची हकिगत वाचकांना साधारण माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी, अशा तरुणीला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे हे रानटी आणि क्रूर ठरेल, असे म्हणून दावा फेटाळला. १८८६ साली अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निर्णय फिरवला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी, महिन्याभरात नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम दिला. ज्या इंग्रजी कायद्यातून हा ‘नांदवण्याचा’ दावा आपल्याकडे आला, त्या इंग्लंडने अशा प्रकरणातली तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. मुंबईत मात्र ती रखमाबाईंच्या डोक्यावर तीन वर्षांनंतरही टांगलेली राहिली. महाराष्ट्रही दुभंगला. टिळक त्यांच्या विरोधात उभे राहिले, तर आगरकर त्यांच्या बाजूने. समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ यांच्यासारख्यांनी त्यांच्या बचावासाठी समिती उभी केली. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. व्हिक्टोरिया राणीने लग्न रद्द करून रखमाबाईंची सुटका केली, अशी एक कथा अजूनही छापली जाते. ती आता बंद व्हावी. सुटका कोणा राणीच्या कृपेने झाली नाही. ती एका तरुणीच्या चार वर्षांच्या चिवटपणाने झाली.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या कामा रुग्णालयात त्या वेळी डॉ. एडिथ पीची प्रमुख होत्या. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी पहिल्यांदा झगडलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकाकडे वळण्यास प्रोत्साहन दिले आणि मदतही उभी केली. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या ईव्हा मॅकलारेन आणि त्यांचे पती वॉल्टर यांनी त्यांना आधार दिला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे शिक्षण आणि रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करून १८९४ साली त्या स्कॉटलंडच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवीही त्यांनी मिळवली. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीने परक्या भाषेत शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा अभ्यास तिशीपर्यंत पुरा केला, यातले कष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. पहिली भारतीय स्त्री-डॉक्टर कोण, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद घातला जातो. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या, पण क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित जागेवर त्यांना कधी बसता आले नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ सालीच वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन व्यवसायात उतरल्या होत्या. रखमाबाईंना कोणत्या क्रमांकावर बसवायचे या प्रश्नात मला रस नाही. क्रमांकाने त्यांचे मोठेपण वाढतही नाही आणि कमीही होत नाही. डॉक्टरचे मोजमाप पदवीच्या तारखेपेक्षा तिने किती वर्षे रुग्णांजवळ उभे राहून काढली यावर करावे, असे माझे मत आहे, आणि त्या मोजमापाने पाहिले तर रखमाबाईंचे नाव फार वर जाते.

भारतात परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून त्या १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख म्हणून गेल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिल्या. त्या काळी प्रसूतीच्या डॉक्टरजवळ काय होते आणि काय नव्हते, हे आजच्या विद्यार्थ्यांनी एकदा शांतपणे डोळ्यांपुढे आणावे. जंतू आणि निर्जंतुकीकरण यांचे ज्ञान आलेले होते, क्लोरोफॉर्म होते, हात आणि हत्यारे स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व समजलेले होते. पण रक्तगटांचा शोध १९०१ साली लागला, म्हणजे त्यांच्या सुरतेच्या पहिल्या वर्षांत अतिरक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला रक्त देण्याची सोय नव्हती. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे १९३५ च्या सुमारास आली आणि पेनिसिलिन त्यानंतर, तर रखमाबाई १९३० च्या सुमारासच निवृत्त झाल्या होत्या. बाळंतज्वर एकदा चढला की त्यांच्या हाती सेवा, स्वच्छता आणि वाट पाहणे एवढेच उरे. सिझेरियन म्हणजे जिवाशी गाठ होती. अडलेली बाई दोन-दोन दिवस घरी कळा देऊन, सुईणीचे सारे उपाय थकल्यावर दवाखान्यात येई, आणि ती दगावली की दोष दवाखान्याला लागे. मी ज्या काळात काम केले त्या काळात १०८ ची रुग्णवाहिका आली, ऑक्सिटोसिनची इंजेक्शने आली, रक्तपेढ्या आल्या, तरीही डोलीत घालून आणलेली बाई उशिरा पोहोचली की काय होते हे मी पाहिलेले आहे. यांपैकी एकही साधन हाताशी नसताना एखादी स्त्री वर्षानुवर्षे हे काम करत राहते, याला मी न्यायालयातल्या धैर्याइतकेच धैर्य मानते. ते वर्तमानपत्रात छापून येत नाही, एवढाच फरक.

सुरतेतला त्यांचा पहिला प्रश्न औषधांचा नव्हता, विश्वासाचा होता. बाळंतपण घरातच व्हायचे, आणि दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही अशी समजूत घट्ट होती. आवारात एक गाभण शेळी आणून रखमाबाईंनी तिची वीण दवाखान्यात सुखरूप करून दाखवली आणि त्यानंतर बायका येऊ लागल्या, अशी एक आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. ती वाचल्यावर मला हसू आले नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला किंवा आशाताईंना विचारावे. पहिली बाई तयार करायला किती महिने लागतात, निर्णय सुनेच्या हाती नसून सासूच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती कसा असतो, आणि एक बाळंतीण सुखरूप घरी परतली की पुढच्या दहा घरांचे दार कसे उघडते, हे त्या सांगतील. रखमाबाईंनी हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. योगायोग असा की सुरगाणा-पेठ भागातील माणसे आजही कामासाठी, आणि कित्येकदा उपचारासाठीही, गुजरातची वाट धरतात. त्या अर्थाने सुरत आपल्याला परकी नाही.

त्यात प्लेगची भर पडली. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ सुरतेलाही पोहोचली आणि आपल्या नाशिक-भगूर परिसरातही तिने घरेच्या घरे रिकामी केली. साथीच्या काळात स्त्रियांची तपासणी आणि त्यांना घरातून हलवणे या गोष्टींवरून केवढा क्षोभ माजला, हे महाराष्ट्राला पुण्याच्या इतिहासावरून ठाऊक आहे. अशा वेळी पडद्यातल्या स्त्रीला तपासायला स्त्री-डॉक्टर हजर असणे म्हणजे काय, याचे मोल कोविडच्या दिवसांतून गेलेल्या आपल्या पिढीला कळायला हरकत नाही.

१९१८ साली त्यांना सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण होते. ते नाकारून त्या राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडदापद्धत नाहीशी करण्याची गरज का आहे यावर त्यांनी लेख लिहिला. पडद्यातल्या बायकांच्या उशाशी तीन दशके बसल्यानंतर तो लिहिला गेला, म्हणून मला त्याचे वजन अधिक वाटते.

१९०४ साली दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले, ही गोष्ट अनेकांना अवघड वाटते, आणि जयंतीच्या भाषणांत ती बहुधा गाळली जाते. ती गाळू नये. ज्या लग्नाला त्यांनी आयुष्यभर मान्यता दिली नाही त्याचे वैधव्य त्यांनी का स्वीकारावे, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. माझा अंदाज असा की, सोवळ्यातल्या घरांच्या माजघरापर्यंत ज्या डॉक्टरला पोहोचायचे असते, तिला घराच्या उंबऱ्यावर आपले वेगळेपण मिरवून चालत नाही. हे चुकीचेही असू शकेल. पण एखादी व्यक्ती आपल्या सोयीच्या चौकटीत बसत नाही म्हणून तिच्या आयुष्यातला तुकडा कापून टाकणे हा तिच्यावरचा अन्यायच आहे.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, म्हणजे दादाजींनी लावलेल्या दाव्याचेच कायद्यातले नवे रूप, कायम राहिले. तुरुंगाची भीती गेली आहे आणि आता तो दावा पत्नीलाही लावता येतो, पण तो आजही कायद्यात आहे.

आणि बालविवाहही आहे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा त्याने शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले, एवढाच त्याचा आवाका होता. त्या वेळी भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी, कोवळ्या विवाहित मुलींना होणाऱ्या इजा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले आणि आज ते अठरा आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आकडा राज्याचा आहे, पण आमच्या ओपीडीत तो चेहरा घेऊन येतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, रक्त कमी, रक्तदाब वाढलेला, आणि सोबत आलेली सासू वय ‘एकोणीस’ सांगते. अठराखालची गर्भवती आली की पोलिसांना कळवणे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ते योग्यही आहे. पण त्याच भीतीने काही कुटुंबे मुलीला दवाखान्यातच आणत नाहीत. मुलीला कायद्याने संरक्षण मिळावे आणि उपचारही मिळावेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे हे आज ग्रामीण भागातल्या तरुण डॉक्टरपुढचे अवघड काम आहे. बालवधू म्हणून आणि डॉक्टर म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी ही गोष्ट अनुभवलेली स्त्री आपल्याच मराठी समाजात होऊन गेली, हे या तरुण डॉक्टरांना कोणी सांगतच नाही.

म्हणून माझी विनंती नाशिकला उद्देशून आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे आणि राज्यभरातले वैद्यकाचे, परिचर्येचे, आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे विद्यार्थी त्याच्या छत्राखाली शिकतात. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला २०१९ पासून पायाभूत अभ्यासक्रम असतो, आणि त्यात वैद्यकाचा इतिहास आणि रुग्णाशी वागणे या विषयांना जागा आहे. त्यात एक तास रखमाबाईंच्या सुरत-राजकोटच्या कामासाठी द्यावा. खटल्यावर दहा मिनिटे पुरतील. उरलेला वेळ स्त्रियांचा विश्वास त्यांनी कसा मिळवला, साथीत त्या कशा टिकल्या आणि साधने नसताना बाळंतपणे कशी केली, यावर जावा. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने २२ नोव्हेंबरला या विषयावर एक व्याख्यान ठेवावे आणि ते सायंकाळी अशा वेळी असावे, की दिवसपाळी संपवून परिचारिकांनाही येता येईल. आशाताईंच्या प्रशिक्षणात त्या शेळीची गोष्ट जरूर सांगावी. ती त्यांना लगेच पटेल.

आणखी एक सुचवते. सुरत आणि राजकोट येथील त्या जुन्या रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांचा, संस्थानी आणि सरकारी दप्तरांतील नोंदींचा शोध एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रबंधासाठी घ्यावा. किती बाळंतपणे झाली, कोणत्या कारणांनी स्त्रिया दगावल्या, किती परिचारिका आणि सुईणी तेथे शिकल्या, या प्रश्नांची उत्तरे कुठल्या ना कुठल्या दप्तरात असतील. खटल्याच्या कागदांचा अभ्यास इतिहासकारांनी उत्तम केला आहे. दवाखान्याच्या कागदांचा अभ्यास डॉक्टरांनी करायला हवा, कारण त्यातले निदान आणि उपचार वाचता येणे हे आपलेच काम आहे. नाशिकहून सुरत एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. कोणी विद्यार्थिनी हे काम हाती घेणार असेल, तर जुन्या प्रसूतिशास्त्राच्या परिभाषेसाठी मी माझा वेळ आणि जवळची जुनी पाठ्यपुस्तके आनंदाने देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ
गंगापूर रोड, नाशिक